शंभर रुपयांचा दंड आणि गेटवरची नोकरी

प्रश्न असा आला आहे: "माझा धाकटा भाऊ २०१४ साली, विसाव्या वर्षी, गावच्या जत्रेतल्या मारामारीत सापडला. सोबत सतरा वर्षांचा चुलतभाऊही होता. पोलिसांनी कलम १६० लावलं. २०१६ मध्ये लोकअदालतीच्या दिवशी दोघांनी गुन्हा कबूल करून प्रत्येकी शंभर रुपये दंड भरला. त्यानंतर दोघांवरही काही नाही. आता शिरवळच्या एका कारखान्यात भावाची सुरक्षा रक्षक म्हणून नोकरी ठरली होती, पण चारित्र्य पडताळणीत ही केस निघाली आणि एजन्सीनं नकार दिला. अमेरिकेत जुना रेकॉर्ड सील करता येतो असं वाचलं. आपल्याकडे तो अर्ज कुठे करायचा?"

ताई, तसा अर्ज आपल्याकडे कुठेच करता येत नाही. सज्ञान माणसाला एकदा शिक्षा झाली की ठरावीक वर्षांनी ती नोंद झाकून टाकावी, असा सर्वसाधारण कायदा भारतात नाही. "रेकॉर्ड क्लिअर करून देतो" म्हणून कोणी पाच-दहा हजार मागत असेल तर देऊ नका. पोलीस ठाण्यातली नोंद फाडून टाकण्याचा अधिकार तिथल्या साहेबांनाही नाही. पण तुमच्या प्रकरणात करण्यासारखं बरंच आहे, आणि चुलतभावाच्या बाबतीत तर तुमच्या भावापेक्षाही जास्त आहे. तुम्ही विचारलेलं नाहीत, तरी त्याचंही सांगते.

आधी ते शंभर रुपये. कलम १६० म्हणजे सार्वजनिक जागी मारामारी करून शांतता भंग करणं. जुन्या भारतीय दंड संहितेत त्याला जास्तीत जास्त एक महिना कैद किंवा शंभर रुपये दंड, किंवा दोन्ही. जत्रेत, लग्नाच्या वरातीत, कबड्डीच्या मैदानावर दोन गट भिडले की हे कलम ठरलेलं. फिर्यादी बहुधा पोलीस शिपाईच असतो, त्यामुळे तडजोड करायची कोणाशी हा प्रश्न पडतो, आणि तसंही हे कलम तडजोडीचं नाही. म्हणून मग लोकअदालतीच्या दिवशी अशा किरकोळ खटल्यांची वेगळी मोहीम निघते. सकाळपासून व्हरांड्यात गर्दी, पुकारा झाला की दहा-पंधरा जण एकदम आत, छापील कागदावर "मला गुन्हा कबूल आहे" खाली सही किंवा अंगठा, दंडाची पावती आणि बाहेर. बाहेर आल्यावर सगळे एकमेकांना म्हणतात, सुटलो.

सुटलो नाही, दोषी ठरलो. गुन्हा कबूल करून दंड भरणं म्हणजे दोषसिद्धीच. तुरुंगात गेला नाही एवढाच फरक. हे त्या व्हरांड्यात कोणी सांगत नाही. आणि यात मी स्वतःलाही धरते. वकिलीची पहिली आठ-दहा वर्षं मीही पक्षकारांना सांगत होते, "कशाला तारखा घालवतोस, शंभर रुपये भर आणि कामाला लाग." तेव्हा चारित्र्य पडताळणी मागायचे ते सरकारी नोकरीला नाहीतर पासपोर्टला. आज गेटवरचा वॉचमन, शाळेच्या बसचा ड्रायव्हर, घरोघरी पार्सल पोचवणारा पोरगा, सगळ्यांना ती लागते. आमचा सल्ला मात्र जुनाच राहिला.

आता एजन्सीनं नकार का दिला ते पाहा. खाजगी सुरक्षा एजन्सी नियमन कायदा, २००५, याच्या कलम १० प्रमाणे न्यायालयानं दोषी ठरवलेल्या माणसाला सुरक्षा रक्षक किंवा पर्यवेक्षक म्हणून ठेवता येत नाही. गुन्हा केवढा, शिक्षा किती, किती वर्षं झाली, कशाचाच विचार त्यात नाही. दरोडाही दोषसिद्धी आणि जत्रेतली ढकलाढकलीही दोषसिद्धी. एजन्सीला स्वतःचा परवाना सांभाळायचा असतो, त्यामुळे तिथल्या माणसाशी भांडून उपयोग नाही.

याच देशात लोकप्रतिनिधित्व कायद्याचं कलम ८ वाचलं की हसू येतं. तिथे अपात्र व्हायला सर्वसाधारणपणे दोन वर्षं किंवा अधिक शिक्षा लागते (काही गुन्ह्यांची यादी वेगळी आहे, तुमचं कलम तिच्यात नाही), आणि तीही अपात्रता सुटकेनंतर सहा वर्षांनी संपते. पासपोर्ट कायद्यात अर्जाआधीच्या पाच वर्षांतली, नैतिक अधःपतनाच्या गुन्ह्यातली, किमान दोन वर्षांची शिक्षा असेल तरच त्या कारणावरून पासपोर्ट नाकारता येतो. म्हणजे ताई, तुमचा भाऊ आज विधानसभेचा अर्ज भरू शकतो, पासपोर्ट काढून दुबईला जाऊ शकतो, पण शिरवळच्या गेटवर शिट्टी घेऊन उभा राहू शकत नाही. विसरायचं कसं हे आपल्या कायद्याला चांगलं कळतं. कोणासाठी विसरायचं, तिथे गडबड आहे.

तुम्ही अमेरिकेचं वाचलंत ते खरं आहे, पण तिथेही ते सहजासहजी झालेलं नाही. बहुतेक राज्यांत आधी अर्जाचीच पद्धत होती: पात्र झालात की वकील लावा, फी भरा, कोर्टात या. मिशिगन राज्यातल्या नोंदींचा प्रेस्कॉट आणि स्टार या दोन कायद्याच्या प्राध्यापकांनी अभ्यास केला, तर पात्र लोकांपैकी पाच वर्षांत जेमतेम ६.५ टक्के लोकांनी नोंद काढून घेतलेली. ज्यांची निघाली त्यांचं वेतन वर्षभरात सरासरी २२ टक्क्यांहून जास्त वाढलं, आणि त्यांच्यातले पुन्हा गुन्ह्यात सापडलेले फारच थोडे. फायदा एवढा, आणि घेणारे एवढे कमी. मला यात नवल वाटलं नाही. आमच्या तालुका कोर्टात साधी नक्कल मिळवायला माणूस दोन हेलपाटे घालतो आणि तिसऱ्यांदा येत नाही. म्हणून पेन्सिल्वेनियानं २०१८ मध्ये कायदा केला की ठरावीक काळ स्वच्छ गेला तर किरकोळ गुन्ह्यांच्या नोंदी संगणकानंच सील करायच्या, माणसानं अर्ज करायलाच नको. मग इतर राज्यं आली. न्यूयॉर्कचा असा कायदा नोव्हेंबर २०२४ पासून लागू झाला. किरकोळ गुन्ह्याला तीन वर्षं, मोठ्याला आठ वर्षं, आणि खून, लैंगिक अत्याचार असले गुन्हे त्यातून वगळलेले.

सील म्हणजे नष्ट नव्हे, हेही लक्षात घ्या. पोलिसांना आणि कोर्टाला ती नोंद दिसत राहते. सामान्य मालकाला आणि घरमालकाला दिसत नाही. ब्रिटननं तर १९७४ मध्येच याहून साधी वाट काढली: ठरावीक वर्षं उलटली की शिक्षा "खर्ची पडली" असं धरायचं, आणि नोकरीच्या अर्जात "नाही" लिहिलं तरी ते खोटं ठरत नाही. मुलांसोबतच्या किंवा रुग्णांच्या कामाला ही सवलत नाही, आणि ते बरोबरच आहे. मुलांवर अत्याचार केलेल्याची नोंद झाकून त्याला शाळेच्या बसवर बसवा असं कोणीच म्हणत नाही. आपल्याकडे अडलेत ते तुमच्या भावासारखे.

आता वाट. पहिलं काम, कोर्टातून नक्कल काढा. नुसती दंडाची पावती किंवा पोलिसांचा कागद चालणार नाही. खटल्याचा नंबर (बहुधा एस.सी.सी., म्हणजे समरी क्रिमिनल केस, असेल), रोजनामा (कोर्टात त्या त्या तारखेला काय झालं याची नोंद), कबुलीचा कागद, अंतिम आदेश आणि दोषारोपपत्राची पहिली पानं, सगळ्याची प्रमाणित नक्कल. नंबर माहीत नसेल तर ई-कोर्टच्या संकेतस्थळावर नाव आणि वर्ष टाकून सापडतो. जुने किरकोळ खटले काही वर्षांनी नाश यादीत जातात, म्हणून उशीर नको. हातात आल्यावर मी असा कागद तीन नजरांनी वाचते.

एक म्हणजे तारखा. ज्या गुन्ह्याला वर्षापर्यंतची शिक्षा आहे, त्याची दखल कोर्टानं घटनेपासून वर्षाच्या आत घ्यायची असते. तेव्हाच्या फौजदारी प्रक्रिया संहितेचं कलम ४६८. १६० तर एका महिन्याचं कलम. जत्रा चैत्रातली आणि दोषारोपपत्र पुढच्या वर्षीच्या पावसाळ्यात दाखल झालेलं असेल, उशीर माफ केल्याचा आदेशही नसेल, तर मुळात खटलाच उभा राहायला नको होता. हे मी अंदाजानं सांगत नाही. किरकोळ केसचे कागद ठाण्यात पडून राहतात आणि मोहीम आली की गठ्ठ्यानं कोर्टात येतात, हे रोजचं आहे.

दुसरी नजर कबुलीवर. समन्स खटल्यात, म्हणजे अशा किरकोळ गुन्ह्याच्या खटल्यात, आरोपीनं गुन्हा कबूल केला तर त्याचे शब्द शक्य तितके जसेच्या तसे लिहून घ्यावेत असं त्याच संहितेचं कलम २५२ सांगतं. त्याच्याही आधीच्या फौजदारी प्रक्रिया संहितेतल्या याच अर्थाच्या तरतुदीबाबत सर्वोच्च न्यायालयानं महंत कौशल्या दास खटल्यात १९६५ सालीच ठरवलं की हे बंधनकारक आहे, उपचार नाही. छापील कागदावर पंधरा जणांची एकच कबुली असेल तर हा मुद्दा घेता येतो.

तिसरी गोष्ट माझ्या दृष्टीनं सगळ्यात कामाची: अपराधी परिवीक्षा अधिनियम, १९५८. परिवीक्षा म्हणजे शिक्षा न देता समज देऊन किंवा चांगल्या वर्तणुकीच्या हमीवर सोडणं. पहिलाच गुन्हा आणि शिक्षा दोन वर्षांपर्यंतची असेल तर कलम ३ प्रमाणे कोर्ट दंडाऐवजी नुसती समज देऊन सोडू शकतं. दंड आणि समज, दिसायला दोन्ही सारखेच. पण याच कायद्याचं कलम १२ म्हणतं की कलम ३ किंवा ४ खाली सोडलेल्या माणसाला दोषसिद्धीमुळे येणारी कायद्यातली अपात्रता लागणार नाही. सुरक्षा एजन्सीच्या कायद्यातली मनाई ही दोषसिद्धीला चिकटलेली अपात्रताच आहे, असं माझं मत आहे आणि मी तसा युक्तिवाद करीन. २०१६ साली त्या सकाळी कोणी उठून "साहेब, कलम ३ चा लाभ द्यावा" एवढं एक वाक्य बोललं असतं, तर आज एजन्सीपुढे ठेवायला तुमच्या हातात कागद असता.

ते वाक्य आता सत्र न्यायालयात बोलावं लागेल. प्रथमवर्ग दंडाधिकाऱ्यांनी फक्त शंभर रुपयांपर्यंत दंड केला असेल तर अपील होत नाही, म्हणून पुनरीक्षण अर्ज करायचा, म्हणजे खालच्या कोर्टाचा आदेश बरोबर होता का ते वरच्या कोर्टानं तपासावं असा अर्ज. त्याची मुदत ९० दिवस होती, तुम्हाला काही वर्षांचा उशीर माफ करून घ्यावा लागेल. अपिलात किंवा पुनरीक्षणातही परिवीक्षेचा आदेश देता येतो, कलम ११ मध्ये तसं स्पष्ट आहे. उशिराचं कारण खरं तेच लिहा: दंड भरला म्हणजे विषय संपला असं वाटलं, परिणाम पडताळणीत कळला, कळल्यावर लगेच आलो. म्हणून एजन्सीचा नकार लेखी घ्या, तारखेसह. तोंडी नकाराला कोर्टात वजन नाही. अर्ज मंजूर होईलच असं मी सांगणार नाही. उशीर मोठा आहे, काही न्यायाधीश तिथेच थांबतात.

कलम १२ ला जादूची कांडीही समजू नका. दोषी ठरल्याची गोष्ट त्यानं पुसली जात नाही, फक्त कायद्यानं येणारी आडकाठी जाते. मालकाला माणसाचं वर्तन पाहण्याचा हक्क राहतो. दिल्ली दूध योजनेतल्या एका कारकुनाचं प्रकरण १९८५ मध्ये सर्वोच्च न्यायालयात गेलं होतं. पाचशे रुपयांचा अपहार, पैसे परत केलेले, खालच्या कोर्टानं परिवीक्षेवर सोडलेलं, तरी नोकरीवरून काढलं. न्यायालय म्हणालं, कलम १२ मुळे बडतर्फी आपोआप रद्द होत नाही. पण एवढ्यासाठी नोकरी घालवणं अवाजवी आहे. त्याला मागच्या पगारासह परत घ्यायला लावलं. आम्ही वकील या निकालातला दुसरा भाग मोठ्यानं वाचतो, समोरचे पहिला.

चुलतभाऊ तेव्हा सतरा वर्षांचा होता, म्हणजे कायद्यानं बालक. त्याचा खटला बाल न्याय मंडळापुढेच चालायला हवा होता. वयाचा हा मुद्दा कोणत्याही न्यायालयात, कोणत्याही टप्प्यावर, प्रकरण निकाली निघाल्यानंतरही उपस्थित करता येतो. बाल न्याय कायदा २०१५ चं कलम ९ तसं सांगतं आणि २००० च्या जुन्या कायद्यातही हे होतं. तुम्हाला हवी असलेली "सील" आपल्या देशात जर कुठे असेल तर ती इथे आहे. कलम २४ प्रमाणे बालकाला कोणतीही अपात्रता लागत नाही आणि अगदी निर्घृण गुन्ह्यांचे काही अपवाद सोडले तर नोंदी नष्ट करायच्या असतात. नियमांत त्यासाठी अपिलाची मुदत किंवा सात वर्षं अशी मर्यादा घातली आहे. आणि कलम ७४ पोलिसांना सांगतं की बालकाचं प्रकरण मिटलं असेल तर चारित्र्य दाखल्यासाठीसुद्धा ती नोंद उघड करायची नाही. अठरा पूर्ण व्हायला चार दिवस कमी असोत की चार महिने, लाभ तोच. त्याचं स्वतंत्र वकीलपत्र करा, भावाच्या अर्जात त्याला गुंतवू नका.

हे सगळं चालू असताना भाऊ दुसरीकडे अर्ज करीलच, तर फॉर्मबद्दल. काही वर्षांपूर्वी एक मुलगा माझ्याकडे खाकी लिफाफा घेऊन आला. पोलीस भरतीत सोळाशे मीटर उत्तम धावलेला, लेखी पास, यादीत नाव. अशीच जुनी दंडाची केस. साक्षांकन नमुन्यात "आपणांस कधी शिक्षा झाली आहे काय?" यापुढे त्यानं "नाही" लिहिलं होतं, कारण त्याच्या डोक्यात शिक्षा म्हणजे तुरुंग. लिफाफ्यात निवड रद्द केल्याचं पत्र, आणि कारण गुन्हा नव्हे, "माहिती दडवली". ती केस त्यानं लिहिली असती तर कदाचित निभावलं असतं.

सर्वोच्च न्यायालयाचा अवतार सिंग निकाल (२०१६) यासाठी माहीत हवा. त्याचं सार एवढं: माहिती खरी द्या, फॉर्ममधला प्रश्न नेमका नसेल तर दडवल्याचा ठपका ठेवता येत नाही, आणि तरुण वयातली घोषणाबाजी किंवा किरकोळ गुन्हा असेल तर मालक आपल्या अधिकारात दडवणंसुद्धा माफ करू शकतो. खरं सांगितलं म्हणून नोकरी द्यायलाच हवी असं मात्र त्यात नाही. २०२२ मध्ये रेल्वे सुरक्षा दलातल्या एका जवानाच्या प्रकरणात न्यायालय पुन्हा म्हणालं की माहिती दडवली एवढ्यावरून यांत्रिकपणे काढून टाकता येत नाही, प्रकरण पाहावं लागतं.

म्हणून रकान्यात नुसतं "होय" लिहून थांबू नका. मी पक्षकारांना असं लिहायला सांगते: "होय. एस.सी.सी. क्र. अमुक, तमुक न्यायालय, भा.दं.वि. १६०, गावच्या जत्रेतील मारामारी, वय २०; दंड रु. १००, भरला, त्यानंतर कोणताही गुन्हा दाखल नाही. आदेशाची प्रत जोडली आहे." वाचणाऱ्याला "गुन्हेगार" दिसण्याआधी जत्रा आणि शंभर रुपये दिसले पाहिजेत. समजचा आदेश मिळाला तरी "नाही" लिहायचं नाही. "होय, परिवीक्षा अधिनियम कलम ३ खाली समज, कलम १२ लागू" असं लिहायचं.

पोलीस ठाण्यातही एक चक्कर मारा. चारित्र्य पडताळणीचं काम गोपनीय शाखेच्या अंमलदाराकडे असतं आणि तो संगणकावर दिसेल तेच लिहितो. कोर्टात प्रकरण संपलं तरी ठाण्याच्या नोंदीत वर्षानुवर्षं "न्यायप्रविष्ट" राहिलेलं मी पाहिलं आहे, निर्दोष सुटलेल्यांचंही. निकालाची प्रत जोडून नोंद अद्ययावत करण्याचा अर्ज द्या, पोच घ्या, प्रत पोलीस अधीक्षक कार्यालयाला. आमच्या भागात पारधी वस्तीवरच्या पोरांना हा ताप दुप्पट. अख्ख्या जमातींना जन्मानंच गुन्हेगार ठरवणारा इंग्रजांचा गुन्हेगार जमाती कायदा १९५२ मध्ये गेला, पण आडनाव पाहून वही उघडण्याची सवय गेली नाही. २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाला सगळ्या राज्यांना बजावावं लागलं की वंचित समाजातल्या निरपराध माणसांची नावं हिस्ट्री शीटमध्ये, म्हणजे पोलिसांच्या सराईत गुन्हेगारांच्या नोंदीत, यांत्रिकपणे घालू नका.

इंटरनेटवरच्या नोंदींबाबत सध्या फार आशा दाखवत नाही. अमेरिकेत राहणाऱ्या भारतीय वंशाच्या एका तरुणाची इथल्या अमली पदार्थांच्या खटल्यातून निर्दोष सुटका झाली होती, तरी गुगलवर निकाल दिसत असल्यानं त्याला तिकडे नोकरी मिळेना. दिल्ली उच्च न्यायालयानं २०२१ मध्ये तो निकाल शोधात दिसू नये असा अंतरिम आदेश दिला. पण मद्रास उच्च न्यायालयाच्या तशाच एका आदेशाला २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं स्थगिती दिली आहे. आणि ही माणसं निर्दोष सुटलेली. तुमच्या भावाचं तसं नाही.

तोवर भावाला घरी बसवू नका. मनाई सुरक्षा रक्षकाच्या कामाला आहे, त्याच कारखान्यातल्या पॅकिंगला, स्टोअरला किंवा मशीनवरच्या कामाला नाही. तिथे मालकाची मर्जी चालते, आणि ओळखीच्या ठेकेदाराला नक्कल दाखवून सरळ सांगितलं तर शंभर रुपयांचा दंड बहुतेक जण मनावर घेत नाहीत.

वकिलाकडे जाताना दोघांचे शाळा सोडल्याचे दाखले न्या. चुलतभावाचा दहावीचा बोर्डाचा दाखला असेल तर तो आधी. वय ठरवताना कोर्ट तोच पहिला बघतं. मूळ न्या, झेरॉक्स नको. आणि त्या सकाळी दोघांच्या वतीनं कोणी वकील उभा होता का, हे भावाला नीट आठवायला सांगा. रोजनाम्यात नसेल तर तो पुनरीक्षण अर्जातला चौथा मुद्दा.